आरशामागून ऐकू येणारा आवाज : ‘बॅड टाइम्स अ‍ॅट द एल रोयाल’ आणि साठच्या दशकातील गाण्यांचा थकलेला हिशेब

#थ्रेड

१९६९ मधील एक पावसाळी रात्र. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमारेषेवर बांधलेले, जुगाराचा परवाना गमावलेले, जवळपास ओस पडलेले एक हॉटेल. एका खोलीत एक कृष्णवर्णीय गायिका रियाझ करते आहे. साथीला वाद्य नाही, समोर श्रोता नाही. तिच्या खोलीतील आरसा मात्र एकतर्फी आहे. आरशापलीकडच्या काळोख्या बोळात एक अनोळखी पुरुष उभा राहून तिला पाहतो आहे, ऐकतो आहे.

ड्रू गॉडर्ड लिखित-दिग्दर्शित ‘बॅड टाइम्स अ‍ॅट द एल रोयाल’ (२०१८) या थरारपटातील हा प्रसंग. चित्रपट तिकीटबारीवर फारसा चालला नाही. ‘जुन्या गाण्यांची सुंदर सजावट केलेला, पण लांबलेला रहस्यपट’ अशी त्याची संभावना अनेकांनी केली. त्यातील ‘लांबलेला’ हा शब्द मान्य करता येईल. ‘सजावट’ हा शब्द मात्र या चित्रपटावर अन्याय करणारा आहे. ही गाणी काढून घेतली, तर एल रोयालची कथाच उभी राहत नाही. आणि त्या गाण्यांचा इतिहास ठाऊक नसेल, तर ती कथा अर्धीच कळते.

(पुढे कथानकातील काही रहस्ये उघड होतील. ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा असेल, त्यांनी येथे थांबावे आणि पाहून झाल्यावर परतावे.)

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गतकाळातील थरारपटांत जुनी लोकप्रिय गाणी वापरण्याची रीत आज इतकी रुळली आहे की तिचे नवल वाटत नाही. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘मीन स्ट्रीट्स’ने (१९७३) आरंभीच रोनेट्सचे ‘बी माय बेबी’ वाजवले आणि रस्त्यावरच्या गुंडगिरीला पॉप गाण्याचा ठेका जोडून दिला. डेव्हिड फिंचर यांच्या ‘झोडियॅक’मध्ये (२००७) १९६९ च्या ४ जुलैच्या रात्री गाडीतील रेडिओवर डोनोव्हनचे ‘हर्डी गर्डी मॅन’ वाजत असताना गोळ्या झाडल्या जातात. शेवटी तेच गाणे परतते, तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. मूळ गाण्यात खुनाचा मागमूस नाही. दिग्दर्शकाने त्याला कायमचा डाग लावला.

या दोन्ही उदाहरणांत गाणे बाहेरून येते. रेडिओ लावलेला असतो, ध्वनिपट्टी वाजत असते. पात्रे गाण्याच्या सान्निध्यात जगतात आणि मरतात, पण गाणे त्यांच्या हातून घडत नाही. एल रोयालचा वेगळेपणा येथेच आहे. लॉबीमध्ये ज्यूकबॉक्स आहे आणि तो वाजतोही. पण चित्रपटातील सर्वांत मोलाची गाणी एका पात्राच्या कंठातून, त्याच क्षणी, त्याच खोलीत निर्माण होतात. डार्लीन स्वीट ही गायिका साकारणाऱ्या सिंथिया एरिवो यांनी ती गाणी चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायली. ‘द कलर पर्पल’ या संगीतनाटकासाठी २०१६ मध्ये टोनी पुरस्कार मिळवलेली ही अभिनेत्री. तिच्याकडून ओठांच्या नुसत्या हालचाली करून घेणे म्हणजे घरच्या विहिरीवर कुलूप लावून टँकर मागवण्यासारखे झाले असते.

आता हॉटेलविषयी. एल रोयाल काल्पनिक असले, तरी त्याचे मूळ शोधायला दूर जावे लागत नाही. लेक टाहोच्या काठी कॅल-नेवा नावाचे खरे रिसॉर्ट होते आणि दोन राज्यांची सीमारेषा त्याच्या आवारातूनच जात असे. १९६० पासून त्याच्या मालकीत फ्रँक सिनात्रा यांचा वाटा होता. मृत्यूपूर्वी काही दिवस, जुलै १९६२ च्या अखेरीस, मेरिलिन मन्रो तेथे राहिल्या होत्या. शिकागोच्या माफियाचा म्होरक्या सॅम जियानकाना तेथे आढळल्यावरून १९६३ मध्ये सिनात्रा यांना जुगाराच्या परवान्यावर पाणी सोडावे लागले. नामवंतांच्या खोल्या, भुयारी वाटा, कोण कोणाला भेटते यावर ठेवलेली नजर हे सारे गॉडर्ड यांना इतिहासाने तयार दिले.

पण या हॉटेलांच्या इतिहासात आणखी एक पान आहे आणि ते क्वचितच उलगडले जाते. नेवाडा राज्याला त्या काळी ‘पश्चिमेचे मिसिसिपी’ म्हणत. लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरील हॉटेलांत कृष्णवर्णीय गायकांनी रात्री मंच गाजवावा, टाळ्या घ्याव्यात, आणि झोपायला मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला जावे, असा रिवाज होता. मे १९५५ मध्ये मूलाँ रूज नावाचे, सर्व वर्णांच्या पाहुण्यांना खुले असलेले हॉटेल-कॅसिनो सुरू झाले आणि त्याच वर्षी बंदही पडले. मार्च १९६० मध्ये, मोर्चाच्या इशाऱ्यानंतर, त्याच बंद इमारतीत झालेल्या बैठकीत वेगासच्या हॉटेलमालकांनी वर्णभेदी बंदी उठवण्याचे मान्य केले. डार्लीन स्वीट रिनोला कार्यक्रमासाठी जाताना वाटेत एल रोयालला उतरते, ते त्यानंतर जेमतेम ९ वर्षांनी. स्वागतकक्षात ती खोली मागते तेव्हाचा तिचा जपून, मोजून-मापून बोलण्याचा सूर या इतिहासातून आलेला आहे. चित्रपट हे समजावून सांगत बसत नाही. एरिवो यांच्या खांद्यांच्या ताठरपणात ते दिसते.

डार्लीन कोण आहे? ती मागे उभी राहून गाणारी गायिका आहे. तबकडीवर जिचे नाव छापले जात नाही, अशी. एका पूर्वप्रसंगात ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बडी संडे नावाचा निर्माता तिला एकांतात गाठतो. तो आरडाओरडा करत नाही. मऊ आवाजात, उपकार करत असल्याच्या थाटात, तो तिच्यापुढे किंमत ठेवतो. ती किंमत द्यायची नसेल, तर पुढचे आयुष्य दिवाणखाने आणि सामान्य हॉटेले यांच्या बिदागीवर काढायचे. ती रिनोला का निघाली आहे, याचे उत्तर या प्रसंगात मिळते.

साठच्या दशकातील अमेरिकी पॉप संगीताचा ज्याने थोडाही अभ्यास केला आहे, त्याला येथे ‘डार्लीन’ या नावाचा प्रतिध्वनी ऐकू आल्यावाचून राहत नाही. त्यासाठी १९६२ च्या लॉस एंजेलिसमध्ये जावे लागते.

फिल स्पेक्टर हा तेव्हा बाविशीतला निर्माता. जीन पिटनी यांनी लिहिलेले ‘हीज अ रेबेल’ हे गाणे त्याच्या हाती आले. पण तेच गाणे विकी कार या गायिकेच्या आवाजात दुसऱ्या कंपनीकडूनही येऊ घातले होते. स्पेक्टरला घाई होती. त्याचा करारबद्ध गट ‘द क्रिस्टल्स’ पूर्व किनाऱ्यावर, न्यूयॉर्कमध्ये होता. त्यांना बोलावण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्याने लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ‘द ब्लॉसम्स’ या साथ-गायिकांच्या गटाला बोलावले. मुख्य आवाज डार्लीन राइट हिचा. स्पेक्टरने पुढे तिचे आडनाव बदलून ‘लव्ह’ केले. तबकडी बाजारात आली ती क्रिस्टल्सच्या नावाने, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

या व्यवहारात दोन्ही बाजूंच्या मुली फसल्या, हे सांगायचे बहुधा राहून जाते. डार्लीनला आवाजाचे श्रेय मिळाले नाही. आणि क्रिस्टल्सना, ज्या गाण्यात त्यांचा एकही सूर नव्हता, ते गावोगावच्या मंचावर ‘आपले’ म्हणून गावे लागले. पुढचे गाणे आपल्या नावाने येईल, या भरवशावर डार्लीनने ‘हीज शुअर द बॉय आय लव्ह’ गायले; तेही क्रिस्टल्सच्या नावानेच विकले गेले. काही वर्षांनी काम आटले आणि ती लोकांच्या घरी साफसफाई करू लागली. अशाच एका घरात काम करताना रेडिओवर तिचेच नाताळचे गाणे लागले, आणि आपण गायला परतले पाहिजे असे तिच्या मनाने घेतले, ही हकिकत तिने अनेकदा सांगितली आहे. १९९० च्या दशकात तिने थकलेल्या मानधनासाठी स्पेक्टरला न्यायालयात खेचले आणि खटला जिंकला. स्पेक्टरला पुढे २००९ मध्ये अभिनेत्री लाना क्लार्कसन यांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. २०२१ मध्ये तो कैदेतच मरण पावला.

मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटेल. १९४९ चा ‘महल’ हाही एक रहस्यपटच, आणि त्याचेही रहस्य एका न दिसणाऱ्या स्त्रीच्या गाण्यावर उभे आहे. त्या गाण्याच्या तबकडीवर प्रथम गायिका म्हणून पडद्यावरील पात्राचे, ‘कामिनी’चे नाव होते, लता मंगेशकर यांचे नव्हे. पार्श्वगायनासाठी फिल्मफेअरचा स्वतंत्र पुरस्कार सुरू व्हायला पुढे १० वर्षे जावी लागली. मात्र लताबाईंनी आपले नाव मिळवले आणि स्वामित्वधनासाठी भांडण्याइतके बळही मिळवले. ब्लॉसम्सपैकी बहुतेकींना ते कधीच साधले नाही.

आता पुन्हा आरशासमोर. त्या प्रसंगात डार्लीन गाते ते ‘धिस ओल्ड हार्ट ऑफ माइन’ हे गाणे. इस्ली ब्रदर्सनी १९६६ मध्ये मोटाउन कंपनीसाठी गायलेले. मूळ तबकडीवर ते धावते, उसळते; ढोल, डफ, व्हायोलिने, मागचे कोरस यांनी इतके भरलेले की त्यातली व्यथा नाचता नाचता निसटून जावी. एल रोयालमध्ये हे सारे काढून टाकले आहे. उरतो फक्त आवाज. आणि मग लक्षात येते की हे गाणे वारंवार फसवले जाऊनही परत परत जाणाऱ्या माणसाचे आहे.

आरशापलीकडे जॉन हॅम यांचे पात्र आहे. फिरता विक्रेता म्हणून आलेला हा गृहस्थ प्रत्यक्षात एफबीआयचा माणूस. काळोख्या बोळातून तो चालतो आणि एकेक खोली त्याच्या डोळ्यांसमोरून सरकते. एकीत पाद्री लाकडी तक्तपोशी उखडतो आहे. एकीत एक तरुणी दुसरीला खुर्चीला बांधते आहे. एकीत डार्लीन गाते आहे. कॅमेरा फारसा न तुटता या साऱ्यातून जातो, आणि त्याला बांधून ठेवणारा धागा एकच, तिचे गाणे. येथे पार्श्वसंगीत नाही. मायकेल जियाकिनो यांच्यासारखा संगीतकार हाताशी असूनही दिग्दर्शकाने त्याला या प्रसंगात गप्प बसवले.

तो पुरुष तिच्यापाशी थांबतो. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर श्रोत्याची तन्मयता येते. पण तो श्रोता नाही, पाळत ठेवणारा आहे. तिच्या संमतीवाचून तिची कला भोगणारा तो एकटा नाही. बडी संडे तेच करत होता, स्पेक्टर तेच करत होता. काचेच्या एका बाजूला काच दिसत असते आणि दुसऱ्या बाजूला फक्त स्वतःचे प्रतिबिंब. १९६२ च्या ध्वनिमुद्रण-कक्षाची याहून नेमकी प्रतिमा आजवरच्या एखाद्या माहितीपटालाही क्वचितच सापडली असेल.

गाण्याचा दुसरा मोठा प्रसंग याहून सरस आहे. पाद्री म्हणून वावरणारा डॅनियल फ्लिन (जेफ ब्रिजेस) पाद्री नाही. तो जुना दरोडेखोर आहे. १० वर्षांपूर्वी त्याच्या भावाने लुटीचा पैसा याच हॉटेलात एका खोलीच्या जमिनीखाली पुरला. चित्रपटाच्या आरंभी, एकाच जागी खिळलेल्या कॅमेऱ्यातून, आपण ते पाहिलेले असते. आता फ्लिनची स्मृती विरत चालली आहे आणि नेमकी खोली कोणती हे त्याला आठवत नाही. पैसा आहे डार्लीनच्या खोलीखाली. दोघांत सौदा होतो. पण तोवर आरशापलीकडे कोणी उभे असू शकते, हे उघड झालेले असते. मग तक्तपोशी फोडायची कशी?

डार्लीन आरशाकडे तोंड करून गाऊ लागते. गाणे ‘यू कान्ट हरी लव्ह’. ती ठेक्यावर टाळ्या वाजवते, आणि प्रत्येक टाळीबरोबर तिच्या मागे फ्लिनचा घाव पडतो. टाळी घावाला झाकते. आरशापलीकडील डोळ्यांना दिसते ती केवळ रियाझ करणारी गायिका.

थरारपटाच्या तंत्राचा हा उत्कृष्ट नमुना आहेच. गाण्याचा ताल हाच ताणाचा ताल. एक टाळी चुकली, तर दोघांचा जीव जाईल. पण इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर येथे तीन थर एकावर एक बसलेले दिसतात.

पहिला थर श्रमगीताचा. अमेरिकेच्या दक्षिणेत रूळ टाकणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या टोळ्या गाण्याच्या ठेक्यावर घाव घालत, पहारी लोटत. सगळ्यांचे बळ एका क्षणी पडावे म्हणून एक जण गाई. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी यांचे काम हेच. डार्लीन या प्रसंगात एकाच वेळी रंगमंचावरची गायिका आहे आणि टोळीपुढे गाणारी मजूरही.

दुसरा थर धर्माचा, आणि तो फार खोचक आहे. ‘यू कान्ट हरी लव्ह’ सुप्रीम्सनी १९६६ मध्ये गायले आणि सप्टेंबरमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. पण त्याची कल्पना चर्चमधून आली आहे. डोरोथी लव्ह कोट्स या थोर गॉस्पेल गायिकेचे, देवाला घाई करता येत नाही अशा आशयाचे गाणे १९५० च्या दशकात प्रसिद्ध होते. मोटाउनच्या हॉलंड-डोझियर-हॉलंड या गीतकार-त्रयीने देवाच्या जागी प्रेम बसवले. म्हणजे मूळची प्रार्थना बाजारात जाऊन प्रेमगीत झाली. आणि एल रोयालमध्ये ते प्रेमगीत एका खोट्या पाद्र्याच्या चोरीला आडोसा देण्यासाठी गायले जाते. सोल संगीताची चर्च ते बाजार ही सारी वाटचाल त्या एका खोलीत उलट्या दिशेने चालून येते. कारण पुढे, कथेच्या अखेरीस, हाच खोटा पाद्री मरणोन्मुख तरुणाचा कबुलीजबाब ऐकून त्याला क्षमा देतो. आणि त्या क्षणापुरता तो खरा पाद्री होतो.

तिसरा थर नावांचा. सुप्रीम्स म्हणजे तिघी : डायना रॉस, मेरी विल्सन, फ्लॉरेन्स बॅलर्ड. १९६७ मध्ये गटाचे नाव बदलून ‘डायना रॉस आणि सुप्रीम्स’ झाले आणि त्याच वर्षी बॅलर्डला गटाबाहेर काढण्यात आले. १९७६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ती गेली. डार्लीन हे गाणे एकटी गाते, तेव्हा कोरसच्या जागा मोकळ्या राहतात. त्या मोकळ्या जागांत कोण असायला हवे होते, हे ज्याला माहीत आहे त्याला ते गाणे फार मजेचे वाटत नाही.

येथे चित्रपटावर एक आक्षेप घेणे भाग आहे. मोटाउनच्या गाण्यांतून वाद्ये काढून आवाज उघडा करणे हे नाट्याच्या दृष्टीने अचूक असले, तरी त्यात आणखी काही निनावी माणसे पुन्हा एकदा पुसली जातात. बेरी गॉर्डी यांनी जानेवारी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये कंपनी सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घराच्या खालच्या स्टुडिओत ‘द फंक ब्रदर्स’ हा वादकांचा ताफा दिवसरात्र वाजवत असे. जेम्स जेमरसन यांच्या बेस गिटारविना या गाण्यांची कल्पनाही करता येत नाही. तरी १९७१ च्या मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत मोटाउनच्या संग्रहांवर या वादकांची नावे छापली गेली नाहीत. १९८३ मध्ये कंपनीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमाचे जेमरसन यांना आमंत्रणही नव्हते. ते तिकीट विकत घेऊन प्रेक्षकांत बसले आणि त्याच वर्षी वारले. ‘धिस ओल्ड हार्ट ऑफ माइन’च्या लेखकांत सिल्विया मॉय हे एका स्त्रीचेही नाव आहे. नेहमीच्या त्रयीच्या झळाळीत तेही हरवते. गॉडर्ड यांचा चित्रपट आवाजाला न्याय देतो. हातांना आणि लेखणीला देत नाही.

दुसरी उणीव राजकीय आहे. चित्रपटात दूरचित्रवाणीवर निक्सन आहेत, व्हिएतनाममधून उद्ध्वस्त होऊन परतलेला तरुण आहे. पण ज्या शहराने ही गाणी घडवली, ते डेट्रॉइट जुलै १९६७ मध्ये पेटले होते, ४३ माणसे मेली होती, याची सावलीही कोठे पडत नाही. १९६९ च्या कृष्णवर्णीय गायिकेच्या मनात ती असणारच.

आता खलनायकाचे संगीत. क्रिस हेम्सवर्थ यांनी रंगवलेला बिली ली हा उघड्या शर्टाचा, गोड बोलणारा पंथप्रमुख, अर्थातच चार्ल्स मॅन्सनच्या साच्यातला. तो हॉटेलात शिरतो आणि ज्यूकबॉक्सवर डीप पर्पलचे ‘हश’ (१९६८) लागते. माणसे खुर्च्यांना बांधलेली असताना तो कंबर हलवत नाचतो. चित्रपटात द मामाज अँड द पापाज यांचे ‘ट्वेल्व्ह थर्टी’ (१९६७) हेही ऐकू येते. कॅलिफोर्नियातील लॉरेल कॅन्यनच्या उन्हाचे, तेथे येणाऱ्या मुलींचे ते गाणे. १९६७ मध्ये ते निरागस होते. ऑगस्ट १९६९ च्या मॅन्सन-हत्याकांडानंतर ते निरागसपणे ऐकणे कठीण झाले. पुढच्याच वर्षी टॅरंटिनो यांनी ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलीवूड’मध्ये तेच गाणे त्याच भयासाठी वापरले, यात नवल नाही.

वरवर पाहता विभागणी सोपी दिसते : डार्लीनकडे सोल, बिलीकडे गोऱ्यांचे रॉक. पण इतिहास अशा सोप्या विभागण्यांना दाद देत नाही. ‘हश’ हे इंग्लंडच्या डीप पर्पलचे मूळ गाणे नव्हे. ते जॉर्जियाच्या जो साउथ यांनी लिहिले आणि १९६७ मध्ये बिली जो रॉयल यांनी प्रथम गायले. त्याच्या गाभ्यात एका जुन्या कृष्णवर्णीय भक्तिगीताची हाक आहे. म्हणजे बिली ली ज्या गाण्यावर तोरा मिरवतो, तेही अखेर डार्लीनच्याच आजीच्या चर्चमधून उचललेले आहे.

आणि मॅन्सन स्वतः? त्याला गायक व्हायचे होते. बीच बॉईजच्या डेनिस विल्सनशी त्याने संधान बांधले. निर्माता टेरी मेल्चरच्या मागे तो लागला. त्याचे एक गाणे शब्द बदलून बीच बॉईजनी डिसेंबर १९६८ मध्ये ‘नेव्हर लर्न नॉट टू लव्ह’ म्हणून काढले, आणि तबकडीवर गीतकार म्हणून नाव होते एकट्या डेनिस विल्सनचे. ज्या घरात शॅरन टेट आणि इतरांची हत्या झाली, तेथे पूर्वी मेल्चर राहत असे. या योगायोगावरून हत्याकांडाला ‘फसलेल्या संगीतकाराचा सूड’ ठरवण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे. तो टाळलेला बरा. श्रेय न मिळालेल्या डार्लीन लव्हने लोकांची घरे झाडली. खून केले नाहीत.

चित्रपटालाही बहुधा हेच म्हणायचे आहे. कारण बिली लीचे प्रवचन ऐन रंगात आले असताना त्याला गप्प करणारे शब्द डार्लीनचे आहेत. ती त्याला घाबरलेली आहे, पण त्याहून अधिक ती त्याला कंटाळलेली आहे. असे पुष्कळ बोलणारे पुरुष तिने ऐकले आहेत. हा त्यातलाच आणखी एक. बडी संडे आणि बिली ली यांच्यातील फरक तिच्या लेखी फक्त पोशाखाचा.

शेवटाकडे एक चित्रफीत आगीत जाते. एका दिवंगत नामवंताचे, आरशामागून गुपचूप टिपलेले चित्रण. ज्यासाठी वाटेल तेवढा पैसा मिळाला असता. ते जळते, हॉटेल जळते. त्यानंतरचे दृश्य रिनोमधील एका हॉटेलचे. छोटा मंच, प्रकाशाचा एक झोत, आणि गाणारी डार्लीन. या वेळी ती कोणाच्या मागे उभी नाही, खोलीत आरसा नाही. समोरच्या प्रेक्षकांत, तिला दिसेल असा, फ्लिन बसलेला आहे.